उभ्या गाडीतला सिनेमा

उभ्या केलेल्या वाहनात बसून पाहिलेला चित्रपट. याचे शहरी रूप म्हणजे ड्राइव्ह-इन थिएटर : मोकळे मैदान, टोकाला इमारतीएवढा पडदा, समोर ओळीने लावलेल्या मोटारी आणि गाडीतल्या रेडिओवर ऐकू येणारे संवाद. हिंगोली जिल्ह्यात असे कायमचे थिएटर झालेले नाही. तरीही वाहन आणि सिनेमा यांची सोबत मराठवाड्याला जुनी आहे. मोटार घेऊन सिनेमाकडे जाण्याऐवजी इथे सिनेमाच ट्रकमध्ये बसून जत्रेला येत असे, आणि तो ट्रक मैदानात उभा राहिला की त्याच्यातूनच खेळ सुरू होई. म्हणून ड्राइव्ह-इन आणि तंबू टॉकीज यांचा विचार या नोंदीत एकत्र केला आहे.

ड्राइव्ह-इनची सुरुवात अमेरिकेतली. न्यू जर्सी राज्यातल्या कॅम्डेन गावाजवळ रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी ६ जून १९३३ रोजी पहिले थिएटर उघडले. आधी त्यांनी घराच्या आवारात दोन झाडांना पडदा ठोकून, मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवून प्रयोग केले. पुढच्या गाडीचे टप मागच्याच्या डोळ्यांआड कसे येणार नाही, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. प्रत्येक ओळीला मातीचा उतार देऊन गाड्यांची नाके थोडी वर उचलण्याची युक्ती त्यांना सापडली आणि तिचे पेटंटही मिळाले. आवाज सुरुवातीला पडद्याजवळच्या मोठ्या कर्ण्यांतून येई. पुढे प्रत्येक गाडीच्या काचेला अडकवायचे छोटे स्पीकर आले, त्यानंतर एफएम रेडिओ. १९५८ च्या आसपास अमेरिकेत चार हजारांहून अधिक ड्राइव्ह-इन होती. मग घरोघरी टीव्ही आला, गावाबाहेरच्या जमिनींना सोन्याचा भाव आला, आणि उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत देशभर लागू झाल्याने खेळ उशिरा सुरू करावा लागू लागला. अंधाराशिवाय ज्याचे चालत नाही, त्या धंद्याला हा तास महागात पडला.

भारतात अहमदाबादचे सनसेट ड्राइव्ह-इन १९७३ मध्ये सुरू झाले. तिथे साडेसहाशेहून अधिक मोटारी मावतात. चेन्नईजवळ पूर्व किनारा मार्गावर प्रार्थना हे थिएटर १९९१ मध्ये आले. महाराष्ट्रात मुंबईच्या वांद्रे पूर्वेला ड्राइव्ह-इन आले. ते १९७७ मध्ये सुरू झाले तेव्हा आजूबाजूला खाडीकाठची मोकळी जमीन होती. पुढे तिथे वांद्रे-कुर्ला संकुलाची कार्यालये उभी राहिली आणि एका पडद्यासाठी एवढे मैदान राखणे परवडेना. नव्या शतकाच्या आरंभी ते बंद पडले. त्याच परिसरात ५ नोव्हेंबर २०२१ रोजी जिओ ड्राइव्ह-इन सुरू झाले, २९० मोटारींचे आणि इमारतीच्या गच्चीवरचे. कोरोनामुळे महाराष्ट्रातली चित्रपटगृहे २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत बंद होती. त्यामुळे आपल्याच गाडीत, आपल्याच माणसांत बसून चित्रपट पाहण्याची सोय तेव्हा लोकांना विशेष हवीशी वाटली. २०२० च्या वसंतात लिथुआनियातल्या व्हिल्नियस विमानतळाने तर विमाने थांबलेली पाहून धावपट्टीलगतच मोटारींसाठी पडदा उभारला होता.

गाडीत बसून पाहणारा प्रेक्षक कायद्याच्या दृष्टीने कोण, हा प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बेंगळुरूच्या ड्राइव्ह-इनमध्ये माणशी प्रवेशशुल्क होतेच. मोटार आत नेऊन तिच्यात बसून पाहायचे असेल तर वर दोन रुपये पडत. कर्नाटक सरकारने या दोन रुपयांवरही करमणूक कर लावला. करमणूक माणसाची होते, मोटारीची नाही, असे थिएटरमालकांचे म्हणणे होते आणि उच्च न्यायालयाला ते पटले. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये निकाल फिरवला. गाडीत आरामात बसल्याने माणसाला मिळणाऱ्या करमणुकीची प्रत वाढते, त्या वाढीव सुखावर कर लावता येतो, असे न्यायालयाने मानले. ड्राइव्ह-इन हे मुळात कोणासाठी आहे, ते या निकालाइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे सापडत नाही.

आता हिंगोली. परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,७७,३४५ होती आणि तिच्यातला फार मोठा भाग खेड्यांत राहणारा. घरटी मोटार हे चित्र या भागात कधीच नव्हते. पावसाळ्याचे चार महिने उघड्यावरचा खेळ शक्य नाही. दोन-तीनशे मोटारी रोज जमतील या भरवशावर कोणी इथे उतार खणून पडदा बांधणे कठीणच.

तंबू टॉकीजची गणिते मात्र या मातीत नीट बसत. फिरत्या सिनेमाची परंपरा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. सुरतचे अब्दुलअली युसुफअली यांनी १९०१ पासून सिंगापूर, जावा, ब्रह्मदेश, श्रीलंका आणि नंतर हिंदुस्थानभर तंबू फिरवला; त्यात हजारभर माणसे बसत. महाराष्ट्रात ही परंपरा जत्रांना जोडली गेली. सुगी आटोपून हातात पैसा आला की यात्रांचा हंगाम सुरू होई आणि टॉकीजचे ट्रक एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला निघत. औंढ्याची महाशिवरात्र, शेजारच्या नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचा दसरा महोत्सव ही या मुलखातली माणसे जमण्याची ठिकाणे. तमाशाचे फड, आकाशपाळणे, मौत का कुआँ आणि सिनेमाचा तंबू हा जत्रेचा ठरलेला संसार.

या धंद्यात ट्रकला नुसते वाहतुकीचे साधन म्हणता येणार नाही. तोच प्रोजेक्शनची खोली असे. मशीन ट्रकच्या हौद्यात घट्ट बसवलेले. ट्रक तंबूच्या एका टोकाला पाठमोरा लावला की त्याच्या झरोक्यातून प्रकाशाचा झोत समोरच्या कापडी पडद्यावर जाई. गावात वीज असेल याची खात्री नसल्याने जनरेटर सोबत. जुन्या मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून उजेड केला जाई आणि कांड्या जळत जातील तसे त्यांतले अंतर ऑपरेटरला सतत जुळवावे लागे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट फिल्म लागते आणि तिची रिळे पत्र्याच्या पेटीतून येत. मशीन एकच असेल तर रीळ बदलेपर्यंत खेळ थांबे. पेटी उशिरा आली तर खेळ उशिरा, वारा सुटला तर पडद्यावरचा नायक हेलकावणार. खाली जमिनीवर मधे दोर बांधून एकीकडे बायका, दुसरीकडे पुरुष. परवाना जिल्हा प्रशासनाचा, आणि तोही तात्पुरता.

अमित मधेशिया यांच्या महाराष्ट्रातल्या फिरत्या सिनेमाच्या छायाचित्रांना २०११ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळाला. पडद्याकडे पाठ करून त्यांनी प्रेक्षकांचे चेहरे टिपले होते. त्यांनी शर्ली अब्राहम यांच्यासह केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याची विशेष दखल घेतली गेली. गजेंद्र अहिरे यांचा ‘टुरिंग टॉकीज’ हा मराठी चित्रपट २०१३ चा.

तंबूखेरीज आणखी एक उभी गाडी खेड्यांत यायची, सरकारी प्रचाराची. पंचवार्षिक योजनांची माहिती देण्यासाठी १९५३ मध्ये केंद्राने जी यंत्रणा उभी केली, तिचेच पुढे क्षेत्रीय प्रचार संचालनालय झाले. त्याच्या गाड्या प्रोजेक्टर घेऊन गावोगाव फिरत. खेळ फुकट आणि उघड्यावर, त्यामुळे तंबूत न शिरणारा माणूसही पडद्यासमोर येई. शहरात गणपतीत रस्त्यावर आडवा पडदा बांधून जो सिनेमा दाखवत, तो पडद्याच्या दोन्ही बाजूंनी पाहिला जाई. मागे बसणाऱ्यांना नावे उलटी दिसत, एवढाच फरक.

ऐंशीच्या दशकात भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर गावात आला, पाठोपाठ केबल आणि अखेर मोबाइल. तंबूचा धंदा बसला. काही टॉकीजनी फिल्म सोडून डिजिटल मशीन घेतले, तरी जुनी गर्दी परतली नाही.

आज हिंगोलीत उभ्या गाडीतला सिनेमा शोधायचा तर बाजार समितीकडे जावे लागते. हळद हे जिल्ह्याचे नगदी पीक. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. उन्हाळ्यात आवक वाढली की हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डाबाहेर टेम्पो आणि ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात आणि मापाची पाळी येईपर्यंत शेतकरी अन् चालक गाडीतच मुक्काम करतात. गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्यांच्या आवारात उसाच्या गाड्यांची हीच गत. अशा रात्रींना टेकू असतो स्टिअरिंगला टेकवलेल्या मोबाइलचा. हाही सिनेमाचाच प्रेक्षक आहे आणि चित्रपटाच्या इतिहासात त्याची नोंद व्हायला हवी. मात्र या पाहण्यामागे हौस कमी आणि ताटकळणे जास्त, हे विसरता येत नाही.

गाडीत बसून पाहणाऱ्याने दोन गोष्टी सांभाळाव्यात. इंजिन बंद ठेवून तासन्‌तास दिवे आणि पंखा चालवला तर बॅटरी उतरते. त्याहून गंभीर म्हणजे बंद शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये एसीसाठी इंजिन चालू ठेवणे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप लागलेल्या माणसाला तो कळत नाही आणि त्याने मृत्यू ओढवतो. उघड्या मैदानातही इंजिन बंद आणि काच थोडी खाली, हे बरे.

फिरत्या सिनेमाला पुढे जागा आहे. पिक्चरटाइम या कंपनीने हवेने फुगवायचे थिएटर ट्रकमधून नेण्याची पद्धत आणली आणि २०२१ मध्ये लेहमध्ये साडेअकरा हजार फुटांवर खेळ केला. जे लेहला जमले ते सेनगावला किंवा कळमनुरीला जमायला हरकत नाही. हिंगोलीसारख्या जिल्ह्यासाठी मोटारींच्या थिएटरपेक्षा हा मार्ग निश्चितच अधिक योग्य आहे. त्याला प्रेक्षकाकडे मोटार असावी लागत नाही, आणि दूरच्या मुंबईलाही जावे लागत नाही.

तंबू टॉकीजवरचे बहुतेक काम पश्चिम महाराष्ट्रात झाले आहे. मराठवाड्याचा भाग त्यात पुसटच राहिला. हिंगोली, परभणी, नांदेडकडच्या ज्या घरांत जुन्या टॉकीजचे परवाने, तिकिटांची पुस्तके, हाताने रंगवलेली पोस्टरे किंवा मशीनचे सुटे भाग पडून असतील, त्यांनी ते भंगारात घालू नयेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून अशा वस्तू जपत आहे. त्यांच्याशी संपर्क साधावा, आणि घरात ऑपरेटर किंवा तिकीटवाले म्हणून काम केलेले कोणी असेल तर त्यांच्या आठवणी आताच लिहून घ्याव्यात.