स्वेटरवरचा खोटा बो

थंडीतल्या लग्नाला निघताना आमच्या घरी एक वाद ठरलेला असे. आई म्हणे, "स्वेटर घाल." मोठी बहीण म्हणे, "नको, साडी झाकली जाते." आणि मग ती मांडवात कुडकुडत बसे. स्वेटर उबेसाठी असतो, दिसण्यासाठी नव्हे, ही समजूत आपल्याकडे चांगली मुरलेली आहे. एके काळी ती युरोपातही तितकीच मुरलेली होती. ती मोडायला ज्यांनी हातभार लावला, त्यांतल्या एका स्वेटरची ही हकीकत.

स्वेटर हे नावच पाहा ना. घाम काढतो तो स्वेटर! एकोणिसाव्या शतकात खेळाडू वजन उतरवण्यासाठी जाड लोकरी कपडे घालून धावत, त्यावरून हे नाव पडले. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे कोळीही घट्ट विणीचे लोकरी सदरे घालत. म्हणजे हे सारे कष्टाचे कपडे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कोको शानेल यांनी पुरुषांच्या आतल्या कपड्यांचे जर्सी कापड बायकांच्या पोशाखात आणले आणि विणलेल्या कपड्याला प्रतिष्ठा दिली. तरी हातविणीच्या स्वेटरची एक अडचण होतीच. चार वेळा घातला की कोपरे लोंबतात, पोटाशी फुगा येतो आणि अंगावर पोते चढवल्यासारखे दिसते.

एल्सा स्कियापारेल्ली १८९० साली रोममध्ये जन्मल्या. लग्न मोडलेले, पदरी आजारी मुलगी, अशा अवस्थेत त्या पॅरिसला आल्या. शिवणकामाचे शिक्षण नव्हते, विणताही येत नव्हते. एकदा एका मैत्रिणीच्या अंगातल्या साध्या स्वेटरवर त्यांची नजर खिळली. तो लोंबत नव्हता. आकार धरून होता. चौकशी केली तेव्हा कळले, की पॅरिसमधली एक अर्मेनियन बाई तो विणते. एल्साबाई थेट तिच्या घरी गेल्या.

त्या बाईची युक्ती विणणाऱ्या श्रोत्यांना लगेच कळेल. ती दोन रंगांचे धागे एकदम चालवी. काळा धागा पुढे, पांढरा मागून. आणि दर काही टाक्यांनी पांढरा धागा काळ्यात अडकवी. त्यामुळे काळ्यावर पांढरे बारीक ठिपके उठत आणि कापड दुहेरी होऊन ताठ राही. ताणले तरी पुन्हा जागेवर येई.

एल्साबाईंनी गळ्याशी मोठा बो बांधल्यासारखे चित्र काढून दिले, लहान मूल काढील तसे. बो खरा नाही, विणीतच उमटवायचा. कल्पना गमतीची वाटते, पण त्यात मोठा हिशेब आहे. खरा रुमाल बांधला की जाड लोकरीवर आणखी जाडी चढते. इथे एका टाक्याचीही जाडी न वाढता नजर गळ्याकडे, चेहऱ्याकडे जाते. पहिला स्वेटर वेडावाकडा झाला. दुसरा बरा. तिसरा मात्र जमला. १९२७ सालची ही गोष्ट.

तो घालून एल्साबाई एका उच्चभ्रू मेजवानीला गेल्या. सोबत साधा स्कर्ट. बायकांचा घोळका जमला. अमेरिकेतल्या एका दुकानाच्या खरेदीदाराने चाळीस स्वेटर आणि त्यांवर चाळीस स्कर्ट मागितले. स्वेटरबरोबर स्कर्टही त्यानेच मागावा, हे मला फार बोलके वाटते. उबेचा कपडा विकत घेतला जात नव्हता, अख्खा पोशाख घेतला जात होता. पण चाळीस स्वेटर विणणार कोण? तुर्कस्तानातल्या कत्तलींतून वाचलेले अनेक अर्मेनियन तेव्हा पॅरिसमध्ये आसरा घेऊन होते. त्यांच्यातल्या बायका गोळा केल्या, वीण शिकवली, माल वेळेवर गेला.

पुढे एल्साबाई जगप्रसिद्ध झाल्या. साल्वादोर दालीसारखे चित्रकार त्यांच्यासोबत काम करू लागले. १९५४ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले. त्या अर्मेनियन जोडप्याशी जुळलेली मैत्री टिकून आहे, असे त्यात नमूद आहे.

त्यातला एक स्वेटर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. संग्रहालयाच्या नोंदीत एल्साबाईंच्या जोडीला विणणारीचेही नाव आहे: आरूसियाग मिकाएलियान.