फाटकाच्या कायद्याची कुळकथा

रूळ आणि रस्ता एकमेकांना छेदतात तिथे थांबायचे कुणी, याचे उत्तर भारतीय कायद्याने शंभर वर्षांत पार फिरवले. १८९० च्या रेल्वे कायद्याने भार रेल्वेवर टाकला होता. कलम १३ प्रमाणे फाटक, साखळी किंवा आडवा दांडा बसवून उघडझाप करायला माणूस नेमा, असे सरकार रेल्वेला फर्मावू शकत असे. तरी असंख्य फाटकांवर माणूस आलाच नाही.

यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजवर, म्हणजे किलिक-निक्सन कंपनीच्या 'शकुंतला'वर, यातून वेगळीच रीत पडली. फाटकाशी गाडीच थांबायची. कर्मचारी खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की ते उघडायचा आणि पुन्हा गाडीत चढायचा. ११३ किलोमीटरच्या मार्गावर गाड्याच मोजक्या, म्हणून हे निभले. मेनलाइनवर असली चैन परवडणारी नव्हती.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने भार चालकाकडे सरकवला. कलम १३१ म्हणते: राखणदार नसलेल्या फाटकाशी वाहन थांबवावे, वाहक किंवा क्लीनरने रुळापर्यंत चालत जाऊन दोन्ही बाजू पाहाव्यात आणि मग वाहन पार करून द्यावे, सोबत कुणी नसेल तर चालकानेच उतरावे. शकुंतलेचा कर्मचारी करायचा तेच काम आता क्लीनरच्या गळ्यात पडले. १९८९ च्या रेल्वे कायद्याने त्याला धाक जोडला. कलम १६१ नुसार न थांबता किंवा गाडी दिसत असताना असा रूळ ओलांडणे हा निष्काळजीपणा, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद.

पण आडरानातल्या फाटकावर हे बघायला पोलीस कुठून येणार? ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ कन्हान भागात बिनराखणीच्या फाटकावर वऱ्हाडाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला रेल्वेने धडक दिली, पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढे रेल्वेने वाहने थांबवायला 'गेट मित्र' उभे केले. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरला अशाच फाटकावर शाळेच्या गाडीतली १३ मुले दगावली, तेव्हा असली फाटके हटवण्याच्या मोहिमेला वेग आला आणि ३१ जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची बिनराखणीची फाटके कुठे भुयारी रस्ता काढून, कुठे गेटमन नेमून, कुठे बंद करून संपवली गेली. अपघात घटले ते दंडापेक्षा या बांधकामाने, हे मान्य करावेच लागते.

राखणीच्या फाटकांना मात्र कायद्याचाच आधार आहे. बंद फाटक अनधिकाराने उघडल्यास कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंत आणि तोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.