मीरा-भाईंदर विधानसभा निवडणूक, 2019
ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर मतदारसंघात 21 ऑक्टोबर 2019 रोजी झालेली तिरंगी निवडणूक. मिठागरे, भातखाचरे आणि कोळ्यांच्या वस्त्या यांचा हा मुलूख, पश्चिम रेल्वेच्या आश्रयाने मुंबईच्या वेशीवर वाढत वाढत 2002 साली महानगरपालिकेच्या पदवीस पोहोचला; आणि आगरी-कोळी, ख्रिस्ती या मूळ रहिवाशांशेजारी गुजराती, राजस्थानी व उत्तर भारतीय कुटुंबे स्थायिक झाल्याने येथील राजकारणाचा पोत पालटला. मतदारसंघ-पुनर्रचनेनंतरच्या पहिल्या, म्हणजे 2009 च्या, निवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेसचे गिल्बर्ट मेंडोन्सा विजयी झाले होते. 2014 मध्ये भारतीय जनता पक्षाचे नरेंद्र मेहता यांनी त्यांना पराभूत केले.

2019 मध्ये मात्र याच पक्षाच्या माजी महापौर गीता जैन यांनी, उमेदवारी नाकारली गेल्यावर, बंडाचे निशाण उभारून अपक्ष अर्ज दाखल केला आणि विद्यमान आमदार मेहता व काँग्रेसचे मुझफ्फर हुसेन या दोघांनाही मागे टाकले. पक्षनिष्ठेहून मोहल्ल्या-सोसायट्यांतील वैयक्तिक राबता येथे अधिक उपयोगी पडला, असे मानावयास जागा आहे. बंडखोरी तशी अल्पजीवीच ठरली, कारण निकालानंतर जैन यांनी प्रथम भाजपलाच पाठिंबा दिला. 2024 मध्ये मेहता यांनी ही जागा परत जिंकली. हुसेन दुसऱ्या क्रमांकावर राहिले आणि पुन्हा अपक्ष लढलेल्या जैन तिसऱ्या.