"तुमच्याबद्दल सांगा": तीन मिनिटांच्या मुलाखतीचा शंभर वर्षांचा इतिहास

गेल्या आठवड्यात आपल्या गावातल्या अभ्यासिकेत गेलो होतो. पाच मुलं मुलाखतीची तयारी करत बसलेली. दोघं राज्यसेवेची, तिघं पुण्याकडच्या कंपन्यांची. मी सहज म्हणालो, "चला, आज मीच साहेब. तुमच्यातला एक दोष सांगा." पाचपैकी चौघांनी एकच उत्तर दिलं: "सर, मला प्रत्येक काम परफेक्टच लागतं, हाच माझा दोष."

चौघांनी एकाच व्हिडिओवरून पाठ केलेलं! आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. कारण त्या खुर्चीत मीही बसलोय.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पत्रकारितेची पदविका हातात घेऊन एका दैनिकाच्या कार्यालयात गेलो होतो. नाव नको. समोर तिघं. "तुमच्याबद्दल सांगा." मी नाव, गाव, शिक्षण सांगितलं आणि थांबलो. पुढे काय सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. "वडील काय करतात?" "बाजार समितीत हमाल आहेत." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ठीक आहे, कळवू." झालं, तीन मिनिटं. अजून कळवतायत.

बरीच वर्षं वाटायचं, आपलंच चुकलं. पुढे मुलाखत या प्रकाराचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की अर्धी चूक माझी होती आणि अर्धी त्या पद्धतीची. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

सरकारी नोकरीसाठी स्पर्धा परीक्षा हा प्रकार आपल्याकडे इंग्रजांनी आणला. आयसीएसची पहिली खुली परीक्षा १८५५ ची, तीही लंडनमध्ये. लेखी पास झालं तरी घोडेस्वारीची परीक्षा असायची. अरविंद घोष लेखीत उत्तम गुण मिळवूनही तिथेच बाद झाले. पुढे १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये लीद्स समितीने शिफारस केली की वरच्या सरकारी नोकऱ्यांसाठी तोंडी परीक्षेलाही गुण असावेत. पुस्तकी ज्ञान कागदावर दिसतं, माणूस दिसत नाही, असा तो विचार. विचार चुकीचा नव्हता. पण "माणूस" कसा असावा हे ठरवणारे कोण? ठरावीक शाळांत शिकलेले, ठरावीक इंग्रजी बोलणारे साहेब. त्यांच्यासारखा बोलणारा त्यांना हुशार वाटायचा.

त्याच सुमारास अमेरिकेत उलटा प्रकार झाला. थॉमस एडिसन नोकरीला येणाऱ्यांना शंभरावर सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारायचा. फ्रान्सच्या सीमेला कोणकोणते देश लागतात, असले. १९२१ मध्ये हे प्रश्न फुटले आणि न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आले, उत्तरांसकट! त्याच वर्षी अमेरिका दौऱ्यावर असलेल्या आइनस्टाइनला यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारला, तर तो म्हणाला, जे पुस्तकात सहज मिळतं ते मी डोक्यात ठेवत नाही. म्हणजे "नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं" ही काही यूट्यूबने काढलेली गोष्ट नाही. प्रश्न ठरले की उत्तरांचा बाजार उभा राहतोच.

आपल्याकडे स्वातंत्र्य आलं, पण मुलाखतीचा साचा बराचसा तोच राहिला. आयएएसला मुलाखतीत किमान गुण मिळवणं सुरुवातीची काही वर्षं सक्तीचं होतं. लेखीत कितीही गुण मिळवा, बोर्डासमोर कमी पडलात तर घरी. ही अट १९५७ मध्ये गेली. पण मुलाखतीला किती वजन द्यायचं, हा वाद राहिलाच आणि शेवटी तो कोर्टात गेला.

श्रीनगरच्या रिजनल इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रवेशाचं प्रकरण, अजय हासिया खटला. लेखी १०० गुणांची, मुलाखत ५० गुणांची. मुलाखत किती वेळ? एकेकाला दोन-तीन मिनिटं. विचारलं काय? बहुतेक आईवडील कोण, राहता कुठे, असंच. लेखीत चांगले गुण असलेली मुलं मागे पडली आणि कमी गुणांची पुढे गेली. १३ नोव्हेंबर १९८० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एकूण गुणांच्या तेहतीस टक्के गुण मुलाखतीला ठेवणं मनमानी आहे, पंधरा टक्क्यांच्या वर जाऊ नका. मुलाखती टेप कराव्यात, असंही सुचवलं. पण प्रवेशांना दीड वर्ष उलटून गेलं होतं, म्हणून ते रद्द झाले नाहीत.

हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मी त्या दोन-तीन मिनिटांच्या ओळीवरच अडकून बसलो. माझीही तेवढीच होती. माझ्याही वडिलांबद्दलच विचारलं होतं.

मग १९८५ चा अशोक कुमार यादव खटला, हरियाणा लोकसेवा आयोगाचा. जागा सुरुवातीला ६१ आणि मुलाखतीला बोलावले तेराशेवर उमेदवार! लेखीचे गुण जवळजवळ सारखे, म्हणजे सगळा खेळ मुलाखतीवर. कोर्ट म्हणालं, इतक्या जणांना बोलावणं चूक. आणि मुलाखतीचं वजन १२.२ टक्क्यांवर नको. हा आकडा कुठून आला? त्या वेळी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत २०५० पैकी २५० गुण मुलाखतीला होते, ते प्रमाण.

पुढचा टप्पा अलीकडचा. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. वशिला आणि पाकीट यांना तिथे जागा मिळते, ही लोकांची तक्रार जुनीच होती.

पण वरच्या पदांना मुलाखत आहेच आणि खासगीत तर आहेच आहे. आपल्या राज्यसेवेला पूर्वी मुख्य परीक्षा ८०० आणि मुलाखत १०० गुणांची होती. नव्या वर्णनात्मक पद्धतीत मुख्य १७५० आणि मुलाखत २७५. हिशोब करा: अकरा टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांवर. म्हणजे अभ्यासिकेतल्या त्या दोघांसाठी ती अर्ध्या तासाची भेट आता जास्त महाग आहे.

आता मुद्द्यावर येतो. काही जण म्हणतात, "उत्तरं तयार करणं म्हणजे खोटेपणा. जसे आहात तसे बोला." हे म्हणणं सोपं आहे. ज्यांच्या घरी रोज जेवताना नोकरी, साहेब, बजेट यांची चर्चा होते, त्यांची तयारी लहानपणापासून होत असते. फक्त तिला तयारी म्हणत नाहीत. हमालाच्या, शेतमजुराच्या, टपरीवाल्याच्या पोराला ती तीन महिन्यांत करावी लागते. त्यामुळे तयारी कराच. फक्त उत्तर उसनं नको.

मला तेव्हा काय सांगता आलं असतं? की दहाव्या वर्षापासून वडिलांचा डबा घेऊन मी बाजार समितीत जायचो. कांद्याचा लिलाव कसा होतो, तोलाई कोण कापतं, भाव पडला की शेतकरी कुणाशी भांडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. बातमीदाराला आणखी काय लागतं? उत्तर माझ्याकडे होतं. ते उत्तर आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून पोरांनो, एक वही करा. नेहमीचे पाच-सहा प्रश्न लिहा: तुमच्याबद्दल सांगा, हीच नोकरी का, दोष कोणता, मधली दोन वर्षं काय केलं, अपयश कधी आलं. प्रत्येकापुढे वाक्य लिहू नका, स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग लिहा. वाक्य पाठ केलं की अडकतं, प्रसंग अडकत नाही. वडील ऊस लावत असतील तर एकरी खर्च आणि कारखान्याने दिलेला दर माहीत हवा. गावाचं नाव सांगितलंत तर गावचं पाणी कुठून येतं हे माहीत हवं. दोष सांगायचा तर खरा सांगा आणि त्यावर काय करताय तेही सांगा. मधली वर्षं परीक्षेत गेली असतील तर तसंच सांगा, लाजू नका.

आणि एक विनंती मोठ्यांना. शहरातल्या क्लासची सराव मुलाखत सगळ्यांच्या खिशाला परवडत नाही. आपल्या गावात निवृत्त तहसीलदार आहेत, बँकेचे मॅनेजर आहेत, मुख्याध्यापिका बाई आहेत. महिन्यातला एक रविवार, वाचनालयाची एक खोली, तीन खुर्च्या. प्रत्येक पोराला तीन नाही, तीस मिनिटं द्यायची.

मी एका खुर्चीवर बसायला तयार आहे. उरलेल्या दोन खुर्च्यांसाठी खाली नाव लिहा.