बिघडलेले विरजण

विरजण बिघडले की दह्याला कडवट चव येते, हे घरच्या बायकांना सांगावे लागत नाही. शेजारणीकडून चमचाभर नवे आणले की झाले! पण १८८३ साली डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यातली बिअर बिघडली. चव कडू, वास घाण. आता कुणाकडे मागायचे?

बिअर नासते ती जिवाणूंमुळे, असे फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८७६ च्या ग्रंथात मांडले होते. कारखान्याच्या प्रयोगशाळेतले एमिल हान्सेन म्हणाले, चोर घरातलाच आहे. बार्लीचा गोड रस आंबवणारे जे यीस्ट, म्हणजे बिअरचे विरजणच म्हणा ना, त्यात त्यांना निरनिराळ्या जाती मिसळलेल्या आढळल्या. चांगली बिअर उतरे ती एकाच जातीची. मग त्यांनी यीस्टची एकच पेशी अलग काढली अन् तिचीच पैदास वाढवली. केवढे चिकाटीचे काम! त्याच नोव्हेंबरात त्या शुद्ध यीस्टवर बिअर आंबवली, ती चांगली निघाली.

मालक याकोबसेन आधी साशंक होते. खात्री पटल्यावर मात्र त्यांनी ते यीस्ट कुलपात ठेवले नाही. दुसऱ्या कारखानदारांनाही ते मोफत देऊन टाकले.