साग : आदिलाबादचे रान आणि रोपवन

साग (शास्त्रीय नाव : टेक्टोना ग्रँडिस). तुळशीच्या कुळातला उंच पानझडी वृक्ष. मूळ प्रदेश भारत, म्यानमार, थायलंड व लाओस. चांगला साग तोडीला यायला 50 वर्षांहून अधिक काळ लागतो.

तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा आणि पैनगंगेपलीकडचे यवतमाळ-चंद्रपूर हा सागाचा घरचा मुलूख. निचऱ्याची जमीन आणि भरपूर ऊन त्याला मानवते. पाणी तुंबणाऱ्या चिकण मातीत तो खुरटतो. पावसाळ्यात पांढऱ्या बारीक फुलांचे मोठे तुरे येतात. कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो. गाभ्याच्या लाकडातील नैसर्गिक द्रव्यांमुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही. मुंबईच्या गोदीत सागवानातून बांधलेले, 1817 मध्ये पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे.

सागाचे पद्धतशीर रोपवन 1840 च्या दशकात केरळातील निलांबूरला सुरू झाले. बी टणक असल्याने ते आलटूनपालटून भिजवून व वाळवून वाफ्यात पेरतात. वर्षाचे रोप उपटून पाने व बारीक मुळे छाटली की उरते अंगठ्याएवढी जाड ‘जडी’ : वीतभर मूळ आणि दोन-तीन सेंटीमीटर खोड. पहिल्या दमदार पावसानंतर पहारीने भोक पाडून ती रोवतात आणि भोवतीची माती घट्ट दाबतात. दोन बाय दोन मीटर अंतराने हेक्टरी 2,500 जड्या बसतात. पुढे टप्प्याटप्प्याने विरळणी करावी लागते. ती टाळली तर झाडे नुसती उंच व बारीक होतात. महाराष्ट्राच्या वनविकास महामंडळाने 1974 पासून मिश्र जंगलाच्या जागी मोठ्या प्रमाणावर साग लावला. अयोध्येच्या राममंदिरासाठी 2023 मध्ये सागवान गेले ते चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरहून.

कोवळ्या सागात गाभा थोडा असतो. तरीही 1990 च्या दशकात झटपट श्रीमंतीची आमिषे दाखवून सागाच्या योजना विकल्या गेल्या, अनेकांचे पैसे बुडाले. अशा सामूहिक गुंतवणुकीसाठी सेबी या बाजार नियामक संस्थेने 1999 मध्ये नियम केले.

आदिलाबादच्या सागाचा इतिहास गोंड व कोलाम आदिवासींना वगळून लिहिता येत नाही. निजामाच्या राजवटीत राखीव वनांच्या सीमा आखल्या गेल्या, तेव्हा त्यांची शेते आणि वस्त्या आत सापडल्या. या अन्यायाविरुद्ध उठलेले गोंड नेते कोमराम भीम 1940 मध्ये जोडेघाटला मारले गेले. त्यानंतर आलेले मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी गोंडांना जमिनीचे पट्टे मिळावेत म्हणून निजाम सरकारकडे पाठपुरावा केला.

मोह, तेंदू, चारोळी देणारे रान काढून निव्वळ साग लावला, की आदिवासी घराची वर्षाची मिळकत जाते. पानांची चाळण करणाऱ्या अळ्यांनाही एकच खाद्य सलग मिळते. म्हणून साग लावावा तो उजाड जमिनीवर आणि शेताच्या बांधावर. उभे मिश्र रान त्यासाठी तोडू नये.