सांगली ते मालवण : समुद्राच्या हिशोबात काटकसर कुठे करावी?

(धागा)

१/ येत्या डिसेंबरात मी एकटी मालवणला जाऊन स्कूबा डायव्हिंग करणार आहे. शिकवणीतून साठलेले पाच हजार रुपये हे माझे सारे भांडवल. आई म्हणाली, “कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलीस तेवढे पुरे नाही का? समुद्राशी आपला काय संबंध?” तिच्या या प्रश्नाचे उत्तर शोधताना सहलीचा आराखडा आणि इतिहासाची टिपणे एकाच वहीत लिहिली गेली. हा धागा त्या वहीचा.

२/ आईचा प्रश्न भूगोलाच्या दृष्टीने बरोबर आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. तरीही ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सातारा-सांगलीतून पुढे सुमारे १,४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. आपण सातारा-सांगलीकर या नदीच्या काठचे. समुद्र इतक्या जवळ, पण मधे सह्याद्री उभा. या भिंतीपलीकडच्या पाण्यावर राज्य करायचे, तर त्याचा खर्च कसा बसवायचा, हा प्रश्न सतराव्या शतकात मराठ्यांपुढे उभा राहिला.

३/ १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि समुद्र दारात आला. घोडदळ होते, डोंगरी किल्ले होते, पण लढाऊ गलबते बांधण्याची विद्या घाटावर नव्हती. १६५९च्या सुमारास रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आणि त्याचा मुलगा यांच्या देखरेखीखाली जहाजबांधणी सुरू झाल्याची नोंद पोर्तुगीज कागदांत आहे. पुढे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फोडले आणि ही मंडळी काम टाकून निघून गेली. आरमाराच्या आरंभीच मिळालेला हा धडा महागडा होता: विद्या उसनी आणता येते, पण उसन्या माणसांवर आरमार उभे राहत नाही.

४/ म्हणून पुढच्या पिढीतील नावे पाहा. मायनाक भंडारी, दर्यासारंग, दौलतखान. कोळी, भंडारी, गाबीत, मुसलमान खलाशी अशा किनाऱ्यावरच्याच लोकांतून आरमार उभे राहिले. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर, ‘मोरयाचा धोंडा’ येथे पूजन होऊन कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत ते पुरे झाले. बेटाभोवती पाण्याखाली खडकांचे जाळे आहे. परक्या जहाजाला ते घातक, आणि त्यातली वाट ठाऊक असलेल्या स्थानिक तांडेलाला तेच कवच. दगडी तट बांधण्याआधी निसर्गाने बांधून ठेवलेला हा तट फुकट होता. मात्र तो ओळखायला स्थानिकांचे ज्ञान लागत होते.

५/ किल्ल्याचे काम चालू असतानाच, फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः मालवणहून जहाजावर चढले आणि दक्षिणेकडे बसरूरवर गेले. कारवारच्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारात या ताफ्यात ८५ लहान गलबते आणि ३ मोठी जहाजे असल्याचा उल्लेख येतो. बसरूरच्या लुटीनंतर त्यांनी गोकर्णला स्नान केले आणि बरीचशी गलबते परत धाडली. घाटावर जन्मलेल्या राजाने स्वतः केलेली ही मोठी समुद्री मोहीम. आईला मी हेच सांगितले. “ते राजे होते,” ती म्हणाली. मुद्दा मान्य.

६/ पण राजांनाही पैशाची ओढाताण चुकली नव्हती. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला महाराजांच्या सहीशिक्क्यानिशी गेलेले १६७०च्या दशकातील पत्र अभ्यासकांना परिचित आहे. राजापुरीच्या सिद्दीला शह देण्यासाठी पद्मदुर्ग उभा राहत होता. दर्यासारंग आणि दौलतखान यांच्या आरमाराला रोकड आणि धान्य पोहोचवण्याचा हुकूम होता, आणि सुभेदाराने तो वेळेवर पाळला नाही. पत्रातला संताप आजही वाचणाऱ्याला चटका देतो. आशय असा: ऐन वेळी रसद अडवणारा गनिमालाच मदत करतो, आणि अशा माणसाची गय त्याची जात पाहून केली जाणार नाही.

७/ या पत्रातून काटकसरीचा पहिला नियम मिळतो. ज्यावर माणसाचा जीव तगतो, ती रसद कापणे म्हणजे बचत नव्हे. खर्च उद्यावर ढकलला, तर तो उद्या प्राण मागतो.

८/ दुसरा नियम माझ्या एसटीच्या वाटेवरच आहे. सांगलीहून कोल्हापूर, तेथून गगनबावडा आणि घाट उतरून वैभववाडी, कणकवली, मालवण. साताऱ्याच्या मित्रांनी महामार्गाने कोल्हापूर गाठावे. यातले बावडा म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची जहागीर. १७१५च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘आज्ञापत्रा’त अमात्यांनी आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले. आणि लगेच पैशाची व्यवस्था सांगितली: आरमाराचा खर्च समुद्रावरच्या कमाईवर सोडू नये, त्यासाठी ठरावीक महालांचे उत्पन्न लावून द्यावे. पोट कमाईवर ठेवले, की खलाशी व्यापाऱ्यांना त्रास देतात, आणि व्यापार तुटला की बंदर ओस पडते.

९/ आज्ञापत्र ऋतूबद्दलही सावध आहे. पावसाळा तोंडावर येण्याआधीच आरमार सुरक्षित बंदरी छावणीला न्यावे, असे ते बजावते. आजही पावसाळ्यात मालवणचे जलक्रीडा व्यवसाय बंद असतात. समुद्र शांत आणि पाणी नितळ मिळण्याची शक्यता साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत अधिक. त्यातही नाताळाचा आठवडा आणि शनिवार-रविवार टाळले, तर राहण्याचे दर उतरतात. ही काटकसर निर्धोक आहे. केवळ तारीख बदलायची, बाकी काही सोडायचे नाही.

१०/ माझा हिशोब असा. एसटी : ५०० (मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे ये-जा यात बसावी). घरगुती निवासात २ रात्री : १,४००. डायव्हिंग : १,५००. जेवण : ९००. किल्ल्याची होडी व किरकोळ : २००. राखीव : ५००. एकूण ५,०००. आधीचा आराखडा तीन हजारांचा होता: रात्रीच्या गाडीने जायचे, सकाळी डुबकी, संध्याकाळी परतीची गाडी. निवासाचा खर्च शून्य. तो मी फाडून टाकला. का, ते सांगते.

११/ दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. म्हणजे दहा मीटरवर शरीरावरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट. या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात अधिक विरघळतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. त्याआधीच आपण उंचावर गेलो, तर हवेचा दाब कमी होऊन त्याचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. म्हणून एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा सर्वमान्य सल्ला आहे. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण ६०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो, असे त्यात धरले आहे.

१२/ आता नकाशा पाहा. आंबोली सुमारे ६९० मीटरवर, सातारा शहर सातशेच्या आसपास, महाबळेश्वर १,३७२ मीटरवर. कोकणातून घरी परतणाऱ्या सातारा-सांगलीकराला विमान लागतच नाही, त्याचा घाटच त्या उंचीला नेतो. पर्यटकांची पहिली डुबकी बहुधा उथळ असते, त्यामुळे धोका थोडा. तरीही मी डुबकी पहिल्या सकाळी ठेवली आहे आणि किल्ला दुसऱ्या दिवशी. घाट तिसऱ्या सकाळी. निवासाचे हे चौदाशे रुपये म्हणजे माझी पद्मदुर्गाची रसद. त्यांत कपात नाही.

१३/ आणि ‘एकटी’ या शब्दाचे काय? गोणीभर साहित्य पाठीवर घेऊन मुक्तपणे पोहण्याची ही पद्धत फार जुनी नाही. फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यान यांनी १९४३ मध्ये ‘ॲक्वालंग’ तयार केले, तेथून ती पसरली. तिचा मूळ शिरस्ता असा, की पाण्याखाली नवख्याने एकटे जायचे नसते. प्रशिक्षक शेजारी असतो. त्याचा सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे श्वास कधीही रोखून धरू नका. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि रोखलेला श्वास इजा करतो. दमा, कानाचा विकार, सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि तेथील अर्जात खरे लिहावे. सर्वांत स्वस्त दर शोधण्यापेक्षा मी तीन प्रश्न विचारणार आहे: प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र आहे का, एका प्रशिक्षकामागे किती जण, आणि बोटीवर प्राणवायूची सोय आहे का?

१४/ साताऱ्याचा धडा मात्र कटू आहे. शाहू महाराजांच्या काळात बाळाजी विश्वनाथांनी १७१३-१४ मध्ये कान्होजी आंग्रे यांना साताऱ्याच्या पक्षात आणले. समुद्र आणि गादी यांची सांगड बसली. पण १७३३च्या जंजिरा मोहिमेत पेशवा, प्रतिनिधी आणि आंग्रे यांचे सूर जुळले नाहीत. रायगड हाती आला, ऐन मोहिमेत सेखोजी आंग्रे वारले आणि जंजिरा जिंकल्याविना तह करावा लागला. शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर तर दुरावा टोकाला गेला. तुळाजी आंग्रे यांना नमवण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांशी हात मिळवला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांनी पूर्वी पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर तोफगोळा पडून आग लागली, ती पसरली आणि नांगरलेले आरमार जळून गेले. घरातले भांडण स्वस्तात मिटवायला बाहेरच्याला बोलावले. त्याची किंमत मराठ्यांचे पाणी होते.

१५/ मालवणच्या पाण्याखाली मला तोफा किंवा खजिना दिसणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. दिसतील ते खडक, प्रवाळ आणि मासे. याच खडकांच्या भरवशावर कुरटे बेट निवडले गेले. हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर पाय ठेवू नका, तुकडा उचलू नका, छायाचित्रासाठी माशांना खाऊ घालू नका. तटाचा दगड उपटून घरी नेणाऱ्याला आपण जे म्हणू, तेच येथेही लागू आहे.

१६/ परवा आईने वही मागितली आणि खर्चाच्या पानावर बोट ठेवून विचारले, “हे राखीव पाचशे कशाला?” मी म्हटले, गाडी चुकली तर. तिने त्यावर काट मारून १,००० लिहिले आणि उरलेले पाचशे स्वतःच्या डब्यातून काढून दिले. वर म्हणाली, “डुबकी झाली की आधी फोन कर. मग मासे खा.”

समुद्राशी आपला काय संबंध, हे तिने पुन्हा विचारले नाही.

(धागा समाप्त. सातारा-सांगलीचे कोणी याआधी जाऊन आले असाल, तर तुमचा हिशोब खाली लिहा. कुठे वाचवले आणि कुठे वाचवायला नको होते, दोन्ही.)